जुनी स्कायलाइन जीटी-आर: खरी कशी ओळखायची आणि किंमत कशी ठरवायची

निसानच्या स्कायलाइन जीटी-आरच्या पिढ्या आर३२, आर३३, आर३४ अशा कोडने ओळखल्या जातात. आर३२ जीटी-आर १९८९ ते १९९४ या काळात जवळजवळ ४४,००० बनल्या. आर३३ साधारण १६,५०० आणि १९९९ ते २००२ मधल्या आर३४ साधारण ११,५००. नुसते हे आकडे बघून आर३२ला कुणी दुर्मिळ म्हणणार नाही. पण यातल्या असंख्य गाड्या ट्रॅकवर पिळून काढल्या गेल्या, मॉडिफाय झाल्या, ठोकल्या, गंजल्या. मूळ रंग, मूळ टर्बो, मूळ सीट आणि पहिल्या दिवसापासूनचे कागद असलेली आर३२ शोधायला बसलात तर महिने जातात, आणि बाजार जास्तीचे पैसे मोजतो ते अशाच गाडीसाठी. त्यामुळे किती बनल्या याच्याइतकंच महत्त्व किती जशाच्या तशा उरल्या यालाही आहे. गाडी बघायला जाताना हे डोक्यात ठेवा.

सुरुवात चासी नंबरापासून

आधी बोनेट उघडा. या गाड्यांत चासी नंबर इंजिनमागच्या फायरवॉलवर ठोकलेला असतो. बीएनआर३२, बीसीएनआर३३ किंवा बीएनआर३४ अशी सुरुवात असेल तरच ती जीटी-आर. एचसीआर३२ म्हणजे जीटीएस-टी, ईसीआर३३ म्हणजे जीटीएस२५टी, ईआर३४ म्हणजे २५जीटी टर्बो. या साध्या स्कायलाइनना जीटी-आरचे बंपर, रुंद फेंडर, बॅज, कधीकधी जीटी-आरचं आरबी२६ इंजिनसुद्धा बसवलेलं सापडतं. अशी गाडी चालवायला छानच असते, पण तिला जीटी-आरचा भाव द्यायचा नाही.

नंबराभोवतीचा पत्रा बोटाने चाचपून बघा. जवळ वेल्डिंगची रेष, नव्या रंगाची कड किंवा वाकडी गेलेली ओळ दिसली तर तो तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला असू शकतो. त्यापुढे बोलणी वाढवू नका.

सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत ही तपासणी आणखी कडक हवी. ‘हाकोसुका’ या टोपणनावाच्या जुन्या स्कायलाइनमध्ये जीटी-आरचा कोड केपीजीसी१०, साध्या जीटीचा केजीसी१०. फरक एका अक्षराचा, किंमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. तिच्यानंतरच्या, ‘केनमेरी’ टोपणनावाच्या पिढीची १९७३ची जीटी-आर, केपीजीसी११०, फक्त १९७ बनली. त्या १९७ मधली म्हणून कुणी गाडी दाखवली तर जपानमधल्या जाणकाराकडून नंबर तपासून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

आवृत्ती आणि रंग

इंजिन खोलीतल्या निळ्या पट्टीवर मॉडेल कोडसोबत रंगाचा कोड असतो. आर३४मध्ये त्यावर बरेच पैसे अवलंबून असतात. टीव्ही२ म्हणजे बेसाइड ब्लू, हा सर्रास दिसतो. एलव्ही४ म्हणजे मिडनाइट पर्पल २, त्या २८२ बनल्या. एलएक्स० म्हणजे मिडनाइट पर्पल ३, त्या अवघ्या १३२. समोरची गाडी उन्हात जांभळ्यावरून हिरव्याकडे झळकत असेल आणि पट्टीवर टीव्ही२ लिहिलेलं असेल, तर ती नंतर रंगवलेली आहे. काम कितीही सुंदर असलं तरी दुर्मिळ रंगाचा भाव तिला लागत नाही.

२००२च्या शेवटच्या न्यूर नावाच्या खास आवृत्तीच्या आर३४, व्ही-स्पेक २ आणि एम-स्पेक हे दोन्ही प्रकार मिळून, सुमारे १,००० आहेत. त्यांच्या इंजिनावरचं कव्हर सोनेरी असतं, इतर आर३४वर लाल. पण कव्हर रंगवता येतं, स्पीडोमीटर बदलता येतो. त्यामुळे न्यूरचा दावा असेल तर चासी नंबर निसानच्या पार्ट कॅटलॉगमध्ये घालून आवृत्ती, रंग आणि बनल्याचा महिना पडताळून घ्या. जपानी गाड्यांचा व्यवहार रोज करणाऱ्याला हे काम पाच मिनिटांचं आहे.

ऑक्शन शीट वाचायला शिका

जपानमधल्या बहुतेक जुन्या गाड्या यूएसएससारख्या डीलर-लिलावांतून जातात. तिथला तपासनीस एका पानावर गाडीची आकृती काढून खुणा करतो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्ती करून रंगवल्याची लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला, एक्सएक्स म्हणजे पॅनेल बदललेलं. पुढचा आकडा जितका मोठा तितकं नुकसान जास्त. ए१ची काळजी करू नका, तीस वर्षांच्या गाडीला ओरखडे असणारच. पण मागच्या चाकाच्या कमानीवर डब्ल्यू२ आणि शेजारी एस१ असेल तर त्याचा अर्थ असा: इथे पूर्वी गंज होता, पुट्टी भरून रंगवलं, आणि आता गंज पुन्हा बाहेर येतोय.

एकूण ग्रेडमध्ये साडेचार म्हणजे उत्तम, चार म्हणजे चांगली, साडेतीन म्हणजे ठीक. आर किंवा आरए म्हणजे सांगाड्याला मार लागून दुरुस्त झालेली. जीटी-आरच्या बाबतीत मात्र १ किंवा आर दिसलं म्हणून लगेच नाकारू नका. टर्बो बदलला, रोल केज बसवला एवढ्यावरूनही ग्रेड खाली येते. कारण शीटच्या खालच्या रकान्यात हाताने लिहिलेलं असतं, ते जपानी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

शीटचा नुसता फोटो पुरावा धरू नका, कारण खोट्या शीट फिरतात. लिलावघराचं नाव, तारीख आणि लॉट नंबर मागून नोंद स्वतंत्रपणे पडताळा. विक्रेता या तीनपैकी एक जरी द्यायला कचरला तरी काय ते समजून घ्या.

मीटरवरचे किलोमीटर

न्यूरसारख्या खास आवृत्त्या सोडल्या तर जपानी बाजारातल्या गाड्यांचा मूळ स्पीडोमीटर १८०पर्यंतच असतो. बाकी गाड्यांत त्यापुढचे आकडे दिसले तर मीटर बहुधा निस्मोचा (निसानच्या रेसिंग शाखेचा) किंवा दुसऱ्या कंपनीचा, आणि मोजणी तो बसवल्या दिवसापासून शून्यावरून सुरू झालेली. ही लबाडी असेलच असं नाही, त्या काळी मीटर बदलणं ही हौस होती. पण बदलताना जुन्या मीटरवर किती किलोमीटर होते याचा कागद हवा. तो नसेल तर जाहिरातीतल्या ४२,००० किलोमीटरला अर्थ नाही.

पडताळणीचे तीन मार्ग आहेत. पहिला, शाकेन म्हणजे जपानच्या सक्तीच्या वाहन तपासणीची प्रमाणपत्रं. अलीकडच्या प्रमाणपत्रांवर तपासणीच्या वेळचे किलोमीटर छापलेले असतात. दुसरा, सर्व्हिसची नोंदवही. तिसरा, टायमिंग बेल्ट बदलल्याचा स्टिकर, ज्यावर तारीख आणि किलोमीटर लिहितात. २०१९च्या एप्रिलपर्यंतच्या जपानी कागदांवर साल हेइसेई पद्धतीने, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीनुसार असतं. त्यात १९८८ मिळवा: हेइसेई ६ म्हणजे १९९४, हेइसेई १४ म्हणजे २००२. सगळे आकडे एका रांगेत लिहून काढा. ते चढतच गेले पाहिजेत. मध्येच एखादा उतरला तर मीटर मागे केलेला किंवा बदललेला आहे.

पत्रा: सगळ्यात महाग दुरुस्ती इथेच

इंजिन पुन्हा बांधता येतं, गंजलेला सांगाडा पूर्वीसारखा करणं फार कठीण. आर३३ आणि आर३४मध्ये बोनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे दोन्ही टॉवर बघा. तिथे पत्र्याचे दोन थर आहेत. मध्ये ओल अडकते आणि गंज आतून फुगत वर येतो. जोडावरचं सीलर फुटलेलं किंवा रंगाखाली फोड दिसला तर आतला पत्रा गेला आहे असंच धरून चाला. आर३२मध्ये मागच्या कमानी, दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा आणि डिकीचा तळ तपासा. आर३३ आणि आर३४ची बॅटरी डिकीत असते, म्हणून तिथलं कार्पेट उचलून ॲसिडने खाल्लेला पत्रा आहे का बघा.

गाडीखाली ताजा, चकचकीत काळा अंडरकोट दिसला तर दोनदा विचार करा. गंज झाकायचा तो सोपा मार्ग आहे. होक्काइदो आणि जपान समुद्राच्या बाजूच्या बर्फाळ भागात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून गाडी कोणत्या भागात नोंदलेली होती हेही विचारा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सोबत न्या. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५०च्या वर गेलं तर पुन्हा रंगवलेलं, ५००च्या वर म्हणजे खाली पुट्टी. यंत्र लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं हवं, कारण आर३२चं बोनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. त्यावर चुंबक चिकटला तर ते पॅनेल मूळचं नाही.

इंजिन

जीटी-आरचं आरबी२६डीईटीटी इंजिन दणकट आहे, पण त्याची दुखणी ठरलेली आहेत. मूळ टर्बोंचं एक्झॉस्टकडचं चाक सिरॅमिकचं असतं, रेसिंगसाठीच्या एन१ आणि आर३२ निस्मो या आवृत्त्यांमध्ये मात्र धातूचं. सिरॅमिकच्या टर्बोला १ बारच्या वर बूस्ट दिला की चाक फुटू शकतं, आणि तुकडे उलटे आत शिरले तर सिलेंडरही जातो. कारखान्याने बूस्टच्या नळीत एक छोटा रिस्ट्रिक्टर घातलेला असतो. तो काढला की बूस्ट फुकटात वाढतो, म्हणून अनेकांनी तो काढला. नळी सोडवून तो जागेवर आहे का ते बघा.

आर३२च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचा ऑइल पंप फिरवणारा भाग आखूड आहे. जास्त आरपीएमवर तिथे पंप फुटतो आणि तेलाचा दाब एका क्षणात जातो. इंजिन खोललेलं असेल तर तिथे कॉलर बसवली का, ते बिलावर शोधा. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून घ्यायचं. साधारण १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर उत्तम, ९च्या खाली इंजिन काम मागतं, आणि सहा सिलेंडरमध्ये १ पेक्षा जास्त फरक नको. टायमिंग बेल्ट १,००,००० किलोमीटरला बदलायचा असतो. पुरावा नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च किंमतीतून वजा करा.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक पडला की फोर-व्हील ड्राइव्हची यंत्रणा सतत धडपडत राहते.

आर३२च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये तिसऱ्याचा सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणारा भाग) लवकर जातो. थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकून बघा.

काढलेले पार्ट कुठे आहेत?

हा प्रश्न पहिल्या फोनवरच विचारा. बोल्टने बसवलेला बदल परत फिरवता येतो. कापलेली कमान आणि वेल्ड केलेला केज परत फिरत नाही. मूळ टर्बो, सायलेन्सर, ईसीयू (इंजिनाचा संगणक), चाकं, स्टिअरिंग आणि सीट खोक्यात भरून ठेवलेले असतील तर मॉडिफाय केलेल्या गाडीचंही मोल टिकतं. निस्मोने २०१७च्या डिसेंबरमध्ये हेरिटेज पार्ट पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि त्याचा मोठा आधार झाला, पण तिथे सगळं मिळत नाही. आर३४चा मधला डिस्प्ले मंद झालेला असेल तर त्याची वेगळी वजावट करा.

भाव काढायची पद्धत सरळ आहे. त्याच कोडच्या, त्याच आवृत्तीच्या, साधारण तितक्याच किलोमीटरच्या गाड्या गेल्या वर्षभरात किती रकमेला विकल्या गेल्या ते जमवा. जाहिरातीत मागितलेले आकडे धरू नका. त्यातून बेल्ट, टर्बो, पत्र्याचं काम वजा करा, मूळ पार्ट आणि सलग कागदांसाठी वाढवा.

२५ वर्षांचा नियम

अमेरिकेत गाडी बनल्याच्या महिन्यापासून २५ वर्षं पूर्ण झाली की ती तिथल्या सुरक्षा मानकांतून सुटते. म्हणून १९८९ची आर३२ २०१४ला, १९९५ची आर३३ २०२०ला आणि १९९९ची आर३४ २०२४ला खुली झाली. शेवटच्या न्यूर गाड्या २०२७मध्ये सुटतील. खुल्या होण्याच्या आधीच मागणी चढते, म्हणून तारीख उलटल्यावर घाईने घेऊ नका. जपानी कागदावर असते ती पहिल्या नोंदणीची तारीख, बनल्याची नव्हे. सीटबेल्टच्या लेबलवर बेल्ट बनल्याचा काळ असतो, त्याने अंदाज पक्का होतो. कस्टम्सला निर्यातीसाठी जपानमधली नोंदणी रद्द केल्याचं मूळ प्रमाणपत्र लागतं. सुरक्षा मानकांच्या एचएस-७ फॉर्मवर रकाना १ आणि प्रदूषणाच्या ३५२०-१ फॉर्मवर कोड ई भरायचा. कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम वेगळे आणि कडक आहेत.

ऑस्ट्रेलियातही आता २५ वर्षांची अट आहे. मेलबर्न-सिडनीतल्या मंडळींनी आयातीची परवानगी हातात आल्यावरच गाडी जहाजावर चढवावी, आणि गॅस्केट, ब्रेक पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नाही याची तपासणी आधी करून घ्यावी. ब्रिटनमध्ये व्यवहार तुलनेने सोपा आहे.

भारतात बनल्यापासून ३ वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी रस्त्यासाठी सर्वसाधारणपणे आणता येत नाही. पुण्या-मुंबईत कुणी ‘पेपरवाली’ आर३४ दाखवली तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि आरसी या दोन्हींवरचा चासी नंबर फायरवॉलवरच्या नंबराशी ताडून बघा.

शेजारच्या गाड्या

माझदा आरएक्स-७ एफडी३एसमध्ये रोटरी इंजिनासाठीचाच कॉम्प्रेशन टेस्टर लावा, साध्या टेस्टरने तीन कप्प्यांचे वेगळे आकडे मिळत नाहीत. ८च्या आसपास चांगलं, ७च्या खाली इंजिन बांधायची तयारी ठेवा. आरएक्स-७ची २००२ची शेवटची आवृत्ती, स्पिरिट आर, १,५०० बनल्या. टोयोटा सुप्रा जेझेडए८०मध्ये टर्बो आणि बिनटर्बो दोन्हींचा मूळ कोड एकच, म्हणून पट्टीवरचा पूर्ण मॉडेल कोड वाचा. ऑटोमॅटिकची सहा-गिअर केलेली सुप्रा कारखान्यातल्या सहा-गिअरच्या भावाला जात नाही. होंडा एनएसएक्सचं शरीर ॲल्युमिनियमचं, त्यामुळे ठोकर लागल्यावर दुरुस्ती कुणी केली हाच मुख्य प्रश्न.

विकायची वेळ आली की

गाडी लिफ्टवर चढवून तळाचे फोटो काढा, गंजाच्या जागांचेसुद्धा. रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टचा न कापलेला व्हिडिओ घ्या. चासी नंबर, निळी पट्टी, मीटर आणि किल्ल्यांचे फोटो एकाच दिवशीचे असू द्या. बिलं तारखेने लावून जपानी कागदांचं भाषांतर सोबत जोडा. मूळ पार्टची खोकी उघडून त्यांचेही फोटो द्या, पार्ट नंबर वाचता येतील असे.