घरबसल्या लेखनाचं काम शोधताय? या चुका टाळा

काम मिळण्याआधी पैसे भरायला सांगत असतील, तर ते काम नव्हेच. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग किट, ‘परत मिळणारं डिपॉझिट’, नाव काहीही देवोत. टायपिंगच्या कामात याहून कावेबाज प्रकार चालतो. सुरुवातीला पैसे मागत नाहीत, फक्त करारावर सही घेतात. पानंच्या पानं टाइप करून दिली की ‘अचूकता कमी आली’ म्हणून दंड मागतात आणि वकिलाच्या नावाने नोटीस धाडतात. घरच्यांना कळेल या भीतीने अनेकजणी गुपचूप पैसे भरतात. भरू नका. मेसेज, नोटीस, कराराची प्रत जपून ठेवा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

दुसरी चूक प्रामाणिक माणसं करतात, म्हणून तिच्याबद्दल जास्त वाईट वाटतं. ‘मी कोणत्याही विषयावर लिहू शकते’ असं कळवायचं आणि नमुना म्हणून ‘वेळेचे महत्त्व’ हा निबंध जोडायचा! असा मजकूर एआय मिनिटभरात काढून देतं, त्यासाठी तुम्हाला कोण पैसे देईल? तुम्ही कोल्हापुरात राहत असाल तर विषयांची वानवा कशाला? उद्यमनगरातल्या फाउंड्र्या, हुपरीची चांदी, गुऱ्हाळं, इचलकरंजीचं कापड हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. यातला एक धंदा निवडा, तिथे जाऊन माणसांशी बोला आणि त्यावर दोन-तीन नमुने लिहा.

कोल्हापुरी चपलेचंच घ्या. ‘आकर्षक, टिकाऊ आणि परंपरेचा वारसा’ हे वाचून कुणी चप्पल मागवत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं. पहिले काही दिवस कडक वाटेल, मग पायाच्या आकाराला बसेल. पावसात घालू नका. भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा.’ कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी आहे, हेही माहीत असू द्या. एवढं लिहिणाऱ्याला दुकानदार ओळखतो.

काम शोधण्याचीही एक चुकीची सवय आहे: ग्रुपवर पोस्ट दिसली की ‘इंटरेस्टेड’ लिहून वाट बघत बसायचं. त्यापेक्षा दुकानदाराला थेट मेल करा, चार ओळींचा. ‘तुमच्या वेबसाइटवर मापाचा तक्ता आहे, पण पाय रुंद असेल तर कोणतं माप घ्यावं हे दिलेलं नाही. तेवढा मजकूर मी लिहून सोबत जोडला आहे.’ उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग पुढच्या दुकानाकडे वळा. चाचणी म्हणून कुणी हजार शब्दांचा लेख फुकट मागितला तर दीडशे-दोनशे शब्द द्या, पुढचे पैसे घेऊनच.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा पद्धतीतच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या संगणकावर नुसती चिन्हं दाखवते, आणि तो विचारत बसत नाही, दुसऱ्याला काम देतो.

दर ठरवताना अनुवादाच्या कामात एक गोष्ट हमखास राहून जाते: शब्द मोजायचे ते मूळ इंग्रजीचे की तुमच्या मराठीचे? मराठीत विभक्तीचे प्रत्यय नामाला चिकटतात, त्यामुळे शब्दसंख्या बहुधा कमी भरते. मूळ मजकुरावरच दर मागा. फाइव्हरसारख्या कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर २० टक्के कमिशन कापलं जातं, तेही धरून आकडा सांगा.

तोंडी बोलीवर काम सुरू करू नका, ओळखीतलं असलं तरी. किती शब्द, किती वेळा दुरुस्ती, पैसे कोणत्या तारखेला, एवढं मेलवर येऊ द्या. लेखनाचे हक्क कोणाकडे राहणार, हेही विचारून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही नोकरीत नसाल तर लेखनाचा पहिला हक्क साधारणपणे तुमचाच असतो आणि तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही.

बिलावर पॅन नंबर लिहायला विसरू नका. एका कंपनीकडून मिळणारी वर्षाची फी ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती कंपनी सहसा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापते. पॅन नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ही रक्कम परत मिळते. अर्धवेळ काम करणारे बरेचजण रिटर्न भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे तसेच पडून राहतात.