होडीतून गळ टाकायला निघताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात ओसाड किनाऱ्याने होडी हाकायची, वाटेत गळ टाकायचा, दुपारी सावली बघून पडायचं. बेत एवढा साधा, तरी दर हंगामात कुणीतरी अडकतं आणि दोर घेऊन मला जावं लागतं.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो पाण्याचा हिशोब न करणाऱ्यांवर. "दहाला भरती आहे, मोबाइलवर बघितलं" एवढ्याने भागत नाही. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास, पण पाणी एकसारखं उतरत नाही. ढोबळ हिशोब असा: एकूण उताराचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा उतार जबर, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, बेताचा.

हे मला पाठ आहे, कारण एकदा मीही फसलो. पौर्णिमा होती, दहाची भरती. वाळूच्या दांड्यावरून होडी वीतभर पाण्याने अलगद आत गेली. पलीकडच्या डोहात मासे उड्या मारत होते. साडेदहाला मी म्हटलं, चल निघू. मित्र म्हणाला, शेवटचा गळ. असे चार शेवटचे गळ झाले. अकराला परत दांड्यावर आलो आणि होडी टेकली. उतरून ढकललं, तर होडी जागच्या जागी आणि आम्ही गुडघाभर रुतलेलो. दुपारी होडीच्या सावलीत खेकडे येऊन बसले, आमच्यापेक्षा निवांत. प्यायला एक बाटली पाणी, दोघांत. सुटलो रात्री साडेनऊला. मासे तीन, तेही बोटभर.

तेव्हापासून भरती-ओहोटीच्या वेळा मी चिकटपट्टीवर लिहून सुकाणूजवळ लावतो. उथळात शिरायचं ते चढत्या पाण्यातच. टेकलात तरी थोड्या वेळात समुद्रच उचलून देतो.

नांगराचंही तेच. तीन मीटर पाण्यात पाच मीटर दोर सोडतात आणि "नांगर धरत नाही" म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात. नांगर रुततो तो आडव्या ओढीने. दोर उभा असला की तो उपटूनच येणार. पाण्याची खोली, तीही भरतीची, अधिक नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची, याच्या पाच ते सात पट दोर सोडा. पुढे थोडी साखळी असली तर उत्तम. बांधायचा नाळेलाच. मागे इंजिनाच्या वजनाने होडी आधीच दबलेली असते. तिथे नांगर बांधला की एखादी लाटही आत येऊन होडी भरते. आणि हो, टाकण्याआधी दोराचं दुसरं टोक बांधलंय का बघा. हसू नका.

इंधनाचे तीन वाटे: एक जायला, एक यायला, एक नशिबाला. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. कुठे जाताय आणि किती वाजता परताल, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा. ओसाड किनाऱ्यावर मोबाइलची रेंज गृहीत धरू नका. होडीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरचं चॅनल चालू ठेवा. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा उठतो, त्यामुळे सकाळची शांतता बघून लांब जाऊ नका. फुगा मासा गळाला लागला तर सोडून द्या. शिजवून त्याचं विष जात नाही.

आता तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. गळ पाण्यात असताना इंजिन सुरू करणारे उतावळे मला दिसतात. तंगूस इंजिनाच्या पंख्याच्या मागे जाऊन त्याच्या दांड्यावर गुंडाळतो, आतलं सील कापतो, मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं की समजा, खर्च आला. मी आधी सगळे गळ आत घेतो, मोजतो, मगच चावी फिरवतो. शिवाय हंगामाच्या शेवटी पंखा काढून बघतो. गेल्या खेपेला तिथून दोन हात तंगूस निघाला. रंग बघितला, माझाच होता.