लाकडाचा भुसा, ढलप्या आणि तुकडे: आधी वेगळे करा, मग वाळवा, मग वापरा

लाकडाच्या कचऱ्याचं काय होऊ शकतं, हे झाडाच्या जातीपेक्षा त्या लाकडाला आजवर काय काय फासलं किंवा मुरवलं गेलं यावर ठरतं. म्हणून भट्टी किंवा यंत्र बघण्याआधी ढीग वेगळे करायचे.

कोरं लाकूड एका बाजूला: करवतीचा भुसा, रंध्याच्या ढलप्या, फळ्यांचे उरलेले तुकडे. हा माल कुठेही चालतो. रंग किंवा पॉलिश लागलेलं लाकूड वेगळं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ते जाळूही नका आणि घासूनही काढू नका. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांचा तिसरा ढीग; त्यांत फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाचा डिंक असतो. मोठे तुकडे पुन्हा फळी म्हणून वापरा. घरच्या चुलीत ते घालू नका, भुसा खतातही नको.

सगळ्यात घातक चौथा ढीग, म्हणजे वाळवी आणि कुज लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण वापरलं असेल तर नव्या लाकडावर हिरवट झाक दिसते, पण उन्हापावसात ती उडते. म्हणून कुंपणाचे जुने खांब आणि उघड्यावरच्या पायऱ्या संशयितच धरा. असं लाकूड जाळलं की आर्सेनिक काही धुरात जातं, बाकीचं राखेत उरतं. हा ढीग घातक कचऱ्याच्या वाटेनेच जायला हवा.

पॅलेटवरचा (माल रचून ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवरचा) शिक्का वाचायला शिका. गव्हाच्या कणसाच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे (गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं). ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते बाजूला ठेवा. शिक्का ठीक असला तरी तेलाचे वा रसायनाचे डाग दिसले की पॅलेट बाद.

पॅलेट उकलताना पहारीने फळी उचकटली तर ती हमखास फाटते, कारण खिळे पिळाचे असतात आणि लाकूड घट्ट धरून ठेवतात. फळी आणि आडव्या पट्टीच्या फटीत धातूचं पातं लावलेली करवत घालून खिळेच कापून टाका. मग रंध्याकडे नेण्याआधी दोन्ही बाजूंवरून चुंबक फिरवा. एक तुटका खिळा अख्खं पातं बाद करतो.

ओल मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुकं लाकूड किलोमागे सुमारे १९ मेगाज्यूल उष्णता देतं. वजनात निम्मं पाणी असेल तर हाती येतात जेमतेम ८. नमुना वजन करा, १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. ५०० ग्रॅमचे ४०० झाले तर ओल २० टक्के. मॉइश्चर मीटर मात्र याच तुकड्याला २५ दाखवेल, कारण तो पाण्याचं प्रमाण सुक्या लाकडाच्या वजनावर काढतो. पुष्कळ वाद या दोन हिशेबांच्या गोंधळातून होतात. जळणाला पहिल्या पद्धतीने २० टक्क्यांच्या खाली हवं, भुसा दाबून जळणाची कांडी (पेलेट) करणाऱ्या यंत्राला ८ ते १२. त्याहून ओलं असेल तर वाफ कोंडून कांडी फुटते. फार सुकं असेल तर लाकडातलं लिग्निन नीट मऊ होत नाही आणि कांडी भुगा होते. यंत्राच्या कांडीला वेगळा डिंक लागत नाही, तो लिग्निनच.

यंत्र नसेल तर भुशाची शेगडी अजूनही उत्तम. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने ४-५ सेंटिमीटरचं भोक पाडा. त्यातून एक पाइप आडवा, तर दुसरा डब्याच्या मधोमध उभा ठेवा. दोन्ही तळाशी भिडले पाहिजेत. सुका भुसा चार-चार बोटांच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर ठोकून घट्ट करा. मग दोन्ही पाइप गोल फिरवत हळूच ओढून काढा. खालच्या भोकातून पेटवा. भुसा आतल्या भिंतीने जळत बाहेर सरकतो, म्हणून आच बराच वेळ टिकते. शेगडी मध्येच विझली तर बहुतेकदा भुसा ढिला भरलेला असतो: भिंत ढासळते, वाट बुजते, आणि मग नुसता धूर. ओल्या भुशाचंही तेच. बंद खोलीत कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खतासाठी भुसा वापरताना नत्राचा हिशेब चुकतो. भुशात नत्राच्या कित्येकशे पट कर्ब असतो, तर खताच्या ढिगाला साधारण ३० पट हवा. नुसता भुसा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जीवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. शंभर किलो सुक्या भुशाला दोन-तीन किलो युरिया थोडा थोडा करून द्या, किंवा तिप्पट ताजं शेण आणि हिरवा पाला मिसळा. ओल मुठीत पिळल्यावर एक-दोन थेंब येतील इतकीच. ढलप्या आच्छादन म्हणून ५ ते १० सेंटिमीटर पसरा, पण खोडाला टेकवू नका, साल कुजते.

साठवणीत दोन गोष्टी आग लावतात. ओल्या ढलप्यांचा उंच ढीग आतून तापतो, म्हणून तो बुटका ठेवा आणि मध्ये हात घालून नाही, सळई खुपसून तपासा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या किंवा भुसा पोत्यात भरून ठेवलात तर आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. हवेत उडणारी बारीक भुकटी ठिणगीने स्फोट पावते आणि फुफ्फुसालाही वाईट, तेव्हा सफाई झाडूने नाही, व्हॅक्यूमने.

राख फक्त कोऱ्या लाकडाची असेल तर झाडांना पोटॅश आणि चुना म्हणून थोडी चालते. आम्ल माती आवडणाऱ्या रोपांना नको, युरियासोबत तर अजिबात नको, नत्र अमोनिया होऊन उडतं. राख काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. वर गार लागली तरी आतले निखारे काही दिवस जिवंत राहू शकतात.