आयव्ही कॅथेटरच्या डिझाइनमध्ये यायचंय? मग आधी तिसऱ्या दिवशीचा हात बघायला शिका

मेडिकल डिव्हाइसमध्ये काम करायचंय म्हणणारी मुलं-मुली बहुतेक वेळा स्टेंट, पेसमेकर, सर्जरीचे रोबोट अशी नावं घेतात, हाताला लावतात त्या सलाईनच्या नळीचं, म्हणजे आयव्ही कॅथेटरचं, नाव सहसा कोणी घेत नाही. मी बरीच वर्षं या नळीवरच काम करतोय आणि मला मनापासून वाटतं की नवीन माणसाला शिकायला यापेक्षा चांगली वस्तू मिळणार नाही. हॉस्पिटलात ॲडमिट होणाऱ्या बहुतेक पेशंटला ती लागते, आणि तरी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांमध्ये वारंवार दिसतं की ३५ ते ५० टक्के कॅथेटर उपचार पूर्ण व्हायच्या आधीच निकामी होतात. म्हणजे पुन्हा टोचणं, पुन्हा शीर शोधणं, आणि ज्याच्या शिरा आधीच खराब आहेत त्याचे हाल. त्यामुळे हा प्रश्न सुटलेला आहे असं समजून या क्षेत्राकडे पाठ फिरवू नका.

सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवायची, शिरेत शिरली की सुई मागे ओढून नळी आत ठेवायची, ही कल्पना १९५० च्या सुमारास मेयो क्लिनिकमधल्या डेव्हिड मासा या भूलशास्त्राच्या डॉक्टरने प्रत्यक्षात आणली. मूळ रचना आजही तीच आहे. बदललं ते मटेरियल, टोकाचा आकार, आणि वापरलेली सुई कोणाला टोचू नये म्हणून आलेली सेफ्टी क्लिप.

आता माझं मुख्य म्हणणं. नवीन इंजिनिअर या कामात आला की त्याचं सगळं लक्ष कॅथेटर घालण्यावर जातं, सुई किती धारदार, टोचायला किती जोर लागतो, रक्त लगेच दिसतं का, कारण ते मोजता येतं, व्हिडिओत दिसतं, डेमोला छान दिसतं. पण कॅथेटर बहुतेक वेळा निकामी होतो तो नंतर, शिरेत राहत असताना. शीर सुजते आणि दुखते, नळी शिरेबाहेर निसटून सलाईन मांसात जायला लागतं, आत गुठळी होऊन लाइन ब्लॉक होते, पेशंटने कूस बदलली की ओढली जाऊन निघते, आणि कधीकधी इन्फेक्शन होतं. हे सगळं घालतानाच्या पाच मिनिटांत दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. म्हणून वॉर्डमध्ये जायची रीतसर परवानगी मिळाली तर फक्त कॅथेटर घालताना बघून परत येऊ नका, दोन दिवसांनी पुन्हा जा आणि तोच हात बघा, टेप कुठे सुटली, नळी कातडीपाशी वाकली का, शिरेवर लाल रेघ दिसते का. नर्स मंडळी हे व्हीआयपी स्कोअरने नोंदवतात, शिरेला त्रास होतोय का ते ० ते ५ अशा आकड्यात लिहायची पद्धत आहे ती, आधी शिकून घ्या.

तरीही घालण्याची क्रिया समजून घ्यावीच लागते कारण पुढच्या निम्म्या तक्रारींची मुळं तिथे असतात. एखादी अनुभवी नर्स काम करत असेल तर तिच्या बोटांकडे बघा. ती शीर डोळ्यांनी कमी आणि बोटाने जास्त शोधते, खालची कातडी ताणून धरते, कमी कोनात सुई घालते, सुईच्या मागच्या छोट्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की सुईचा कोन अजून खाली आणते, अगदी थोडं पुढे सरकते आणि मगच नळी सुईवरून पुढे ढकलते. ते 'अगदी थोडं पुढे' का, हे ज्याला कळलं त्याला या डिव्हाइसचं अर्धं डिझाइन कळलं. सुईचं टोक नळीच्या टोकाच्या पुढे असतं, त्यामुळे रक्त दिसतं तेव्हा सुई शिरेत असते पण नळी अजून भिंतीच्या बाहेरच असू शकते. तिथेच नळी ढकलली तर ती शिरेच्या भिंतीला धडकते, आणि जास्त पुढे गेलं तर सुई पलीकडची भिंत फोडते. सुईच्या तिरक्या कापाचा मागचा काठ आणि नळीचं टोक यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं नर्सचं काम सोपं. पण ते फार कमी केलं तर कापाच्या काठाने नळीचं टोक ओरखडण्याची भीती. लहान बाळांच्या शिरेत तर या छोट्याशा अंतरावरच सगळं ठरतं. काही डिझाइनमध्ये सुईला बाजूला छोटी खाच असते, त्यामुळे सुई आणि नळीच्या मधून रक्त वर येताना लगेच दिसतं, मागच्या चेंबरपर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही.

नळीच्या टोकाकडे मायक्रोस्कोपखाली बघायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्या. टोक तापवलेल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, घालून निमुळतं करतात, आणि तिथे बारीकशी कड राहिली, कुठे जाड कुठे पातळ झालं, तर कातडीतून जाताना टोक मागे दुमडतं. असं दुमडलेलं टोक शिरेच्या आतल्या अस्तराला खरवडत जातं. मी म्हणेन की एक्स्ट्रूजन (वितळलेल्या प्लॅस्टिकमधून नळी काढणं) आणि टिपिंगच्या (टोक घडवायच्या) मशीनपाशी उभं राहून जे कळतं ते कॅडच्या स्क्रीनवर कळत नाही, त्यामुळे पहिली नोकरी आर अँड डी मध्येच हवी असा हट्ट धरू नका, प्रोसेस इंजिनिअर म्हणून सुरुवात केलेली माणसं पुढे फार चांगली डिझाइनर होतात.

आता साइज. कॅथेटर गेजमध्ये मोजतात, आकडा मोठा तर नळी बारीक, आणि रंग जगभर ठरलेले आहेत, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. हे आयएसओ १०५५५-५ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये दिलंय. प्रवाहासाठी पॉइझेलचा नियम तुम्ही कॉलेजात शिकलेला असाल, प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून, म्हणजे आतली त्रिज्या निम्मी केली की बाकी सगळं तेच ठेवूनही प्रवाह सोळावा हिस्सा होतो. हे वाचून वाटतं की मग जाड नळीच चांगली. पण शीर म्हणजे रिकामा पाइप नाही, तिच्यात रक्त वाहतंय, आणि नळीने शिरेची जास्त जागा व्यापली की बाजूने वाहणारं रक्त मंदावतं. एकीकडे औषध नीट पातळ होत नाही, पातळ न होता तसंच शिरेच्या भिंतीला लागतं, दुसरीकडे मंद रक्तात गुठळी व्हायला सोपं जातं. रक्त मंदावणं, भिंतीला इजा आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती, गुठळीमागची ही तीन कारणं फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जातात, आणि आपला कॅथेटर त्यातली पहिली दोन स्वतःच घेऊन येतो. मग उपाय काय, तर बाहेरचा व्यास वाढवायचा नाही आणि आतला मोठा ठेवायचा, म्हणजे भिंत पातळ करायची. आणि भिंत पातळ केली की नळी कातडीतून बाहेर येते तिथे वाकून चेपते आणि प्रवाहच बंद. हे सगळं असं एकात एक अडकलेलं आहे, एक धागा ओढला की दुसरीकडे गाठ बसते, आणि मला या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे.

मटेरियलमध्ये मुख्य दोन घराणी, टेफ्लॉनच्या जातीची फ्लोरोपॉलिमर आणि पॉलियुरेथेन. पहिली कडक आणि गुळगुळीत, घालायला छान, पण एकदा वाकली की तिथे घडी राहते. पॉलियुरेथेन बाहेर पुरेसं ताठ असतं आणि शरीरात गेल्यावर उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ पडतं, त्यामुळे शिरेच्या भिंतीवर टोकाचा दाब कमी येतो. म्हणूनच तुमच्या टेस्ट फक्त एसी लॅबमध्ये कोरड्या नळीवर करून थांबू नका, ३७ अंशाच्या सलाईनमध्ये काही काळ ठेवून मग वाकवा, ओढा, प्रवाह मोजा, कारण शिरेत तिसऱ्या दिवशी जी नळी असते ती तुम्ही पॅकेटमधून काढलेली नळी नसते. आणि फक्त सलाईनवरही विसंबू नका, व्हॅन्कोमायसिनसारखी आम्लधर्मी औषधं, जास्त साखरेची किंवा पोटॅशियमची द्रावणं शिरेला जाळतात, तिथे मटेरियल कितीही भारी असलं तरी कॅथेटरच्या जागेची आणि लांबीची निवडच चुकलेली असू शकते.

कोटिंगबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक नवीन माणूस जंतुनाशक कोटिंगची आयडिया घेऊन येतो. आयडिया वाईट नाही, सेंट्रल लाइनमध्ये (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या लांब नळीत) क्लोरहेक्सिडिन आणि चांदीच्या संयुगाचं कोटिंग बऱ्याच वर्षांपासून आहे. पण क्लोरहेक्सिडिनची गंभीर ॲलर्जी होऊ शकते यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि डिव्हाइसवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९८ मध्येच इशारा दिला होता, आणि २०१५ मध्ये रक्तवाहिनीत जाणाऱ्या डिव्हाइसवरचं गुळगुळीत कोटिंग सुटून निघण्याबद्दलही. म्हणजे कोटिंग सुचवणार असाल तर ते नळीवर टिकतं का, सुटलं तर कुठे जाईल, स्टेरिलायझेशननंतर तसंच राहतं का, याची उत्तरं सोबत आणावी लागतात. स्टेरिलायझेशन म्हटलं तर टेफ्लॉन गॅमा किरणांनी खराब होतं, म्हणून इथे इथिलीन ऑक्साइड वायू जास्त चालतो, आणि मग वायूचा अंश किती उरला ते मोजणं आलंच.

स्टँडर्ड वाचायचा कंटाळा करू नका. आयएसओ १०५५५-१ आणि १०५५५-५ हे कॅथेटरचे, ८०३६९-७ लुअर कनेक्टरचं (सिरिंज आणि नळ्या जोडायच्या तोंडाचं), १०९९३ ची मालिका जैविक सुरक्षिततेची, १४९७१ रिस्कचं. वाचताना प्रत्येक आकड्यापुढे 'हा पेशंटला कशापासून वाचवतो' असं लिहीत जा. उदाहरणार्थ बाहेरचा व्यास ०.७५ ते १.१५ मिमीच्या मधे असलेल्या नळीला ओढल्यावर किमान ५ न्यूटन सहन झालं पाहिजे असं म्हटलंय, त्यात २० आणि २२ गेज येतात. हा आकडा कशासाठी, तर नळी हबपासून, म्हणजे तिच्या मागच्या प्लॅस्टिकच्या जोडापासून, तुटून तुकडा शिरेत वाहून जाऊ नये म्हणून. असं वाचलं की स्टँडर्ड पाठ करावं लागत नाही.

क्लिनिकल पेपरही वाचा, इंजिनिअर लोक ते टाळतात आणि तिथेच मागे पडतात. दोन नक्की वाचा, दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकर्ड आणि सहकाऱ्यांचे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेले. २०१२ चा ३२८३ पेशंटवरचा, त्यात दर तीन-चार दिवसांनी कॅथेटर बदलणं आणि गरज पडली तरच बदलणं यांची तुलना होती, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्केच निघालं, म्हणजे उगीच बदलून फायदा नाही. याचा आपल्यासाठी अर्थ असा की आता नळी जास्त दिवस आत राहणार आणि आपल्या टेस्टही तितक्या लांबवल्या पाहिजेत. दुसरा २०१८ चा, १८०७ पेशंट, कॅथेटर धरून ठेवायच्या चार पद्धती, साध्या ड्रेसिंगपासून चिकट ग्लूपर्यंत, आणि साध्या ड्रेसिंगपेक्षा कुठलीच ठळकपणे सरस ठरली नाही, चारही गटांत जवळपास ४० टक्के कॅथेटर फेल. फक्त टेप सुधारून भागत नाही, नळी, हब, हबच्या दोन्ही बाजूंच्या पंखांचा आकार, कातडीवरचा कोन आणि ड्रेसिंग हे सगळं एकत्र डिझाइन करायला हवं असं माझं ठाम मत झालंय.

कुठल्या शाखेचं शिक्षण हवं असं बरेच जण विचारतात. मेकॅनिकल, पॉलिमर, बायोमेडिकल कुठलंही चालतं, नर्सिंगमधून आलेली माणसं तर हवीच आहेत कारण टीममध्ये हात कसा चालतो हे सांगणारं कोणी नसतं. यायच्या आधी संख्याशास्त्र पक्कं करा, किती नमुने तपासले म्हणजे बोलता येईल हा प्रश्न पहिल्याच महिन्यात समोर येतो.

इंटरव्ह्यूसाठी एक गोष्ट करून जा. एफडीएचा मॉड (MAUDE) नावाचा डेटाबेस सगळ्यांना फुकट खुला आहे, त्यात डिव्हाइसच्या तक्रारी जशा आल्या तशा असतात. पेरिफेरल आयव्ही कॅथेटरच्या, म्हणजे आपल्या याच हातातल्या नळीच्या, काही तक्रारी काढा, नळी तुटली, वापरानंतर सुई सेफ्टी कव्हरात परत गेली नाही, हबमधून गळतंय, आणि प्रत्येकीखाली तुमचा अंदाज लिहा की हे मटेरियलमुळे, प्रोसेसमुळे की वापरामुळे, आणि खात्री करायला कोणती टेस्ट लावाल. त्या नोंदींवरून किती वेळा काय घडतं असा आकडा मात्र काढू नका, सगळ्या तक्रारी तिथे येतातच असं नाही आणि एकूण वापर किती झाला ते त्यात नसतं. मी समोर बसलेला असतो तेव्हा मार्कशीटपेक्षा असं वहीतलं पान मला जास्त बोलकं वाटतं, आणि नोकरी लागल्यावर हॉस्पिटलातून परत आलेले खराब नमुने ज्या टेबलावर उघडले जातात तिथे बसायला मागा.