ॲलॉय व्हीलचं पावडर कोटिंग: भट्टीआधीचं काम

रबाळे एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे, म्हणजे रंगाची कोरडी पावडर विजेच्या भाराने धातूवर चिकटवायची आणि भट्टीत पिकवायची. बाबांच्या काळात तिथे इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्रे, खिडक्यांचे सेक्शन आणि ग्रिल यायचे. गाड्यांची व्हील्स मी घ्यायला लागले. पहिला सेट ओळखीतल्या एका हॅचबॅकचा होता. पत्र्याला करतो तेच सगळं केलं: जुना रंग काढला, धुतलं, पावडर मारली, भट्टीत घातलं. बाहेर काढलं तर काळ्या ग्लॉसवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं, एकेका स्पोकवर वीस-पंचवीस. बाबांनी व्हील उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा पत्रा नाही, ओतीव आहे. याच्या पोटात हवा असते."

हवाच नाही, तेल, ओल आणि ब्रेकची धूळसुद्धा असते. ती भट्टीत बाहेर येणारच. पावडर मारायच्या आधी ती बाहेर काढायची, की पावडर फोडून येऊ द्यायची, एवढंच आपल्या हातात आहे. मी चारही व्हील्स परत उघडी करून नव्याने केली. तेव्हापासून जी पद्धत पाळते ती सांगते. स्वतः करणार असाल तर उपयोगी पडेल, आणि दुकानात देणार असाल तर काय विचारायचं ते कळेल.

टायर उतरवला की आधी रिमची आतली बाजू बघा. घोडबंदर रोडवर एक पावसाळा काढलेल्या गाडीची रिम आतल्या कडेला वाकलेली किंवा चिरलेली असू शकते, आणि पुढून ती नवी कोरी दिसते. बॅलन्सिंग मशीनवर फिरवलं की वाक कळतो. तो कोटिंगआधीच सरळ करून घ्या, कारण नंतर ठोकाठोकी झाली की थर तडकतो. चिरेचा संशय असेल तर डाय पेनिट्रंट वापरा. लाल द्रव लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, स्वच्छ पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. चिरलेलं व्हील मी कोटिंगला घेत नाही. पावडरचा थर चीर झाकतो, आणि झाकलेली चीर उघड्या चिरेपेक्षा घातक.

दुसरी अडचण डायमंड कट व्हील्सची. त्यांचा चकचकीत चेहरा लेथवर कातलेला असतो आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, असतो. कोटिंग केलं की तो चेहरा गेला. तो परत हवा असेल तर सीएनसी लेथवर कातावं लागतं आणि दर वेळी थोडा धातू जातो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवं.

व्हॉल्व्ह, चिकटवलेली वजनं, सेंटर कॅप, टायर प्रेशरचा सेन्सर, सगळं काढा. रंग काढायला कॉस्टिक सोडा अजिबात नको. लोखंडाला तो चालतो, ॲल्युमिनियमला खातो. जुना थर जाळून काढणाऱ्या भट्टीतही व्हील घालू नका. बहुतेक ओतीव व्हील्स ए३५६ मिश्रधातूची असतात आणि कारखान्यात त्यांना उष्णतेची प्रक्रिया देऊन बळकट केलेलं असतं. जाळण्याच्या तापमानाला ती सगळी बळकटी जाते. आम्ही केमिकल स्ट्रिपर लावतो, दारं उघडी ठेवून, जाड हातमोजे आणि मास्क घालून. उरलेलं बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करतो, म्हणजे हवेच्या दाबाने त्याचे कण मारून खरवडून काढतो. साध्या वाळूने ब्लास्टिंग करणारे अजून भेटतात. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की ते थांबवा. त्या धुळीतली सिलिका कारागिराच्या फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही.

फुटपाथला घासलेली कड कानशीने आणि मग पॉलिश पेपरने एकसारखी करा. साधी बॉडी पुटी भट्टीत टिकत नाही, फुगते किंवा सुटते. भरायचंच असेल तर उष्णता झेलणारी, धातू मिसळलेली इपॉक्सी पुटी घ्या आणि ती किती डिग्री सोसते ते डब्यावर वाचा. भराई फक्त दिसण्यापुरती, कडेवर. स्पोकवरचा खोल घाव पुटीने बुजवायचा नसतो.

आता आमचा पहिला सेट जिथे फसला ती पायरी. व्हील उघडं असतानाच ते एकदा भट्टीत तापवायचं, कोटिंग ज्या तापमानाला पिकणार त्याच्या दहाएक डिग्री वर. मी १८० डिग्रीला पिकणारी पावडर घेते, म्हणजे हे तापवणं १९० वर भागतं. २०० च्या वर बराच वेळ ठेवलं तर धातू मऊ पडू लागतो, म्हणून तिकडे जायचं नाही. धातू १९० ला पोचल्यावर वीस मिनिटं. भट्टी उघडली की बघा, नटाच्या भोकांजवळ आणि हबच्या मागे तपकिरी, चिकट डाग आलेले असतात, भांड्याच्या कडेला तेल ओघळून जळावं तसे. वर्षानुवर्षांचं ग्रीस ते. गार झाल्यावर सॉल्व्हंटने पुसायचं, तिथे हलका ब्लास्ट द्यायचा, आणि डाग जास्तच असतील तर पुन्हा तापवायचं. एका एसयूव्हीच्या सेटला मी हे तीन वेळा केलं.

त्यानंतर उघड्या हाताने व्हीलला शिवायचं नाही. आम्ही झिरकोनियमचं प्रीट्रीटमेंट (पावडर घट्ट धरावी म्हणून धातूवर द्यायची रासायनिक प्रक्रिया) देतो, पूर्ण सुकवतो आणि त्याच पाळीत पावडर मारतो. जुलैच्या हवेत ब्लास्ट केलेलं ॲल्युमिनियम रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मास्किंगला कंटाळू नका. मधलं भोक, हबवर टेकणारा मागचा सपाट भाग आणि नट बसतात त्या जागा उच्च तापमानाच्या टेपने आणि सिलिकॉनच्या बुचांनी झाका. तिथे थर राहिला तर नट आवळल्यावर तो दबत जातो आणि नट सैल होतात. दुकानातून व्हील घेताना पुढून बघून खूश होऊ नका. उलटं करून हा भाग उघडा आहे ना, ते आधी बघा.

पावडर पॉलिस्टरची घ्या. निव्वळ इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते. पावसाळ्यात पावडर ओल धरते आणि गनमधून गुठळ्या उडतात, म्हणून पिशवी बांधून कोरड्या जागी ठेवा. हँगरचा हुक घासून उघडा करा, नाहीतर अर्थिंग मिळत नाही आणि पावडर चिकटत नाही. स्पोकच्या कोपऱ्यात पावडर शिरायला नाखूश असते, वीजभार कडांकडे ओढ घेतो. तिथे व्होल्टेज ८० वरून ४०-५० किलोव्होल्टवर आणा, हवा कमी करा, आणि कोपरे आधी, सपाट भाग नंतर. जाडी ६० ते ८० मायक्रॉन पुरे.

बेकिंगची वेळ मोजायची ती धातू तापल्यापासून, भट्टीची हवा तापल्यापासून नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हबवर लावा, तिथे धातू सर्वांत जाड. आमच्या भट्टीत हवा तापल्यावरही हबला वीसेक मिनिटं लागतात. पुढे पावडरच्या डेटा शीटवर लिहिलीत तेवढी मिनिटं. "ताई, सकाळी देतो, संध्याकाळी मिळतील का?" असं विचारणाऱ्यांना मी तीन दिवस सांगते, आणि यातल्या कुठल्या पायरीला किती वेळ जातो तेही सांगते.

गार झाल्यावर आतल्या बाजूला एमईके या सॉल्व्हंटमध्ये बुडवलेलं फडकं घासून बघा. रंग फडक्यावर उतरला किंवा जागा मऊ पडली तर कोटिंग कच्चं आहे. टायर चढवताना मशीनच्या जबड्यांना प्लॅस्टिकची कव्हरं आहेत का ते पंक्चरवाल्याला विचारा. व्हॉल्व्ह नवे घाला, बॅलन्सिंग करा. नट इम्पॅक्ट गनने आवळू नका. हातातल्या टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते कळणारा पाना), समोरासमोरचे नट घेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की व्हील गार असताना रेंच परत लावा. सेट देताना मी गिऱ्हाइकाला ती तारीख कॅलेंडरवर लिहायला लावते आणि त्या दिवशी फोन करते.