जेफरसन आणि लुईझियाना खरेदी शिकवताय? मग या चुका टाळा

आठवीच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. शाळा अमेरिकेतली, मुलं सगळीकडची. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना हा प्रचंड मुलूख विकत घेतला, ते युनिट जवळ आलं की ओळखीओळखीतून मेसेज सुरू होतात, कोणी पुण्यात बसून इथल्या मुलांच्या ऑनलाइन ट्यूशन घेतंय, कोणी इथलीच आई आहे जिच्या लेकाचं पोस्टर उद्या द्यायचंय, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, ताई तीन-चार पॉइंट्स द्या ना पटकन. पॉइंट्स तर सगळ्यांकडे असतातच. १८०३, दीड कोटी डॉलर, देश दुप्पट, लुईस आणि क्लार्क. हे चार पॉइंट पाठ असलेलीच मुलं दरवर्षी "का?" या प्रश्नावर अडकतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगीत नकाशापासून सुरुवात करणं. तुम्ही पाहिला असेल तो नकाशा, पूर्वेला तेरा वसाहती एका रंगात, मध्ये लुईझियाना, खाली टेक्सस, कोपऱ्यात ऑरेगन, जिगसॉच्या तुकड्यांसारखं सगळं एकमेकांत फिट बसलेलं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. मोठा नकाशा छापून घेतला, मुलांना गट करून तुकडे रंगवायला दिले, तीन तास गेले, भिंत इतकी छान दिसत होती की बाजूच्या वर्गातले शिक्षक फोटो काढून घेऊन गेले. मग टेस्ट घेतली. प्रश्न साधा होता, जेफरसनने लुईझियाना का घेतलं? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, कारण त्याला अमेरिका पॅसिफिकपर्यंत न्यायची होती. काहींनी तर मॅनिफेस्ट डेस्टिनी (अमेरिका समुद्रापर्यंत पसरणार हे विधिलिखितच, ही कल्पना) असंही लिहिलं, जो शब्दच १८४५ चा आहे, तोवर जेफरसन जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्या रात्री पेपर तपासताना मला खरंच वाईट वाटलं, कारण चूक मुलांची नव्हती. मी त्यांना शेवटचं चित्र आधी दाखवलं होतं, मग त्यांना वाटणारच की सगळ्यांनी ते चित्र बघूनच कामाला सुरुवात केली.

तेव्हापासून मी नकाशा शेवटच्या दिवसापर्यंत कपाटात ठेवते आणि सुरुवात पिठाच्या पिंपापासून करते. समजा तुम्ही १८०२ साली केंटकीत शेतकरी आहात. पीठ, तंबाखू, खारवलेलं डुकराचं मांस विकायचंय. पूर्वेला ॲपलेशियन डोंगर, त्यावरून गाडीने माल न्यायचा तर भाड्यातच सगळं जातं. मग काय, सपाट तळाची होडी बांधायची, ओहायो नदीतून मिसिसिपीत आणि तिथून थेट न्यू ऑर्लिन्स. प्रवाहाविरुद्ध ती होडी परत आणता येत नाही म्हणून तिथेच मोडून लाकूड विकायचं आणि नॅचेझच्या वाटेने चालत घरी यायचं. न्यू ऑर्लिन्समध्ये माल उतरवून समुद्री जहाजात चढेपर्यंत गोदामात ठेवायची सवलत स्पेनने १७९५ च्या तहात दिली होती, आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती काढून घेतली. इथे मी थांबते आणि विचारते, आता तुमच्या पिठाचं काय? वर्ग लगेच तापतो. त्यात स्पेनने न्यू ऑर्लिन्ससकट लुईझियानाचा सगळा मुलूख १८०० साली गुप्त तहाने नेपोलियनला परत द्यायचं कबूल केलंय हे कळलं की मुलं स्वतःच म्हणतात, मग ते एक शहर विकत घ्या ना. हाच तर जेफरसनचा विचार होता. अमेरिकेचा वकील रॉबर्ट लिव्हिंग्स्टन पॅरिसमध्ये बोलणी करत होता, जेम्स मन्रोला त्याच्या मदतीला पाठवलं, ते न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडा मिळवायला. ११ एप्रिल १८०३ ला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँने लिव्हिंग्स्टनला विचारलं की अख्ख्या लुईझियानाचे काय द्याल, आणि मन्रो पॅरिसला पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे मागायला गेले एक बंदर आणि समोरून आली सव्वाआठ लाख चौरस मैलांची ऑफर. ही गंमत नकाशा आधी दाखवला की कायमची मरते.

नेपोलियनला पैसे हवे होते म्हणून विकलं, एवढंच सांगून पुढे जाऊ नका. पैसे हवेच होते, इंग्लंडशी युद्ध तोंडावर आलं होतं, पण हैती वगळलंत तर गोष्ट लंगडी होते. सँ-दोमिंग म्हणजे आजच्या हैतीतल्या फ्रेंच वसाहतीच्या गुलामांनी उठाव करून स्वतःला मोकळं केलं होतं, त्यांना परत ताब्यात घ्यायला नेपोलियनने आपल्या बहिणीचा नवरा लक्लेर्क मोठी फौज देऊन पाठवला, ती फौज लढाईत आणि पिवळ्या तापात संपत गेली आणि नोव्हेंबर १८०२ मध्ये लक्लेर्क स्वतःच गेला. साखरेचं ते बेट हातातून गेल्यावर त्याला धान्य पुरवणारा लुईझियाना ठेवून करायचं काय? त्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर ७ एप्रिल १८०३ ला फ्रान्सच्या थंड किल्ल्यात कैदेत मेला आणि ३० एप्रिलची तारीख पडली लुईझियानाच्या करारावर. या दोन तारखा मी शेजारी शेजारी लिहिते आणि वर्गाला दोन मिनिटं काही न बोलता बघू देते. आणि हेही सांगते की ज्या लोकांमुळे देश दुप्पट झाला त्यांच्या हैतीला अमेरिकेने मान्यता दिली थेट १८६२ मध्ये. वेळ कमी आहे म्हणून हा भाग गाळणाऱ्यांवर माझा राग आहे, दुसरं काहीतरी गाळा.

दुसरी चूक माझ्या फार जवळची आहे. "अमेरिकेने जमीन विकत घेतली" हे वाक्य. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार म्हटलं की आधी काय विचारतात, सातबारा कुणाच्या नावावर? मग इथे का नाही विचारायचं? त्या मुलखात ओसेज, लकोटा, मँडन, पॉनी असे कितीतरी लोक राहत, शेती करत, शिकार करत होते, फ्रान्सची वस्ती म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सेंट लुईस आणि नदीकाठची थोडी गावं. पॅरिसमध्ये विकला गेला तो युरोपीय सत्तांनी आपसात मान्य केलेला दावा, की या लोकांकडून जमीन घ्यायचा पहिला हक्क आमचा. प्रत्यक्ष जमीन पुढे कितीतरी वर्षं एकेका तहाने, धाकाने, युद्धाने घेतली गेली. १८०८ च्या तहात ओसेजांकडून आजच्या मिझुरीचा बहुतेक भाग आणि आर्कान्सॉचा मोठा भाग सुटला. म्हणून "एकरी तीन सेंट, किती स्वस्त!" हे वाक्य ऐकलं की मी थांबवते, तो हिशोब फक्त पॅरिसच्या कागदाचा आहे. सोबत जेफरसनने इंडियाना टेरिटरीचा गव्हर्नर हॅरिसनला २७ फेब्रुवारी १८०३ ला लिहिलेलं पत्र द्या. सरकारी दुकानांतून आदिवासींमधल्या वजनदार माणसांना कर्ज होऊ द्यावं, म्हणजे ते फेडायला ते जमीन सोडतील, असं त्यात सरळ लिहिलंय. सावकारी काय असते हे माहीत असलेल्या मराठी माणसाला हे पत्र समजावून सांगावं लागत नाही. मुलांना लागतं, आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा हाच माणूस हे कळल्यावर ती जे प्रश्न विचारतात त्यांना पूर्ण तास द्या, घाईघाईने "तो काळच तसा होता" म्हणून झाकून टाकू नका.

लुईस आणि क्लार्क, म्हणजे पॅसिफिकपर्यंत वाट शोधत गेलेल्या मोहिमेचे दोन म्होरके, यांच्या बाबतीत क्रम हमखास उलटा होतो. खरेदी झाली म्हणून मोहीम काढली, असं निम्म्या तयार वर्कशीट्समध्येही सुचवलेलं असतं. जेफरसनने काँग्रेसकडे गुप्त पत्राने अडीच हजार डॉलर मागितले १८ जानेवारी १८०३ ला, तेव्हा तो मुलूख परक्याचा होता. माझा उपाय अगदी घरगुती आहे, वर्गात एक दोरी बांधते, तारखांच्या चिठ्ठ्या करते आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मुलांकडून लावून घेते. चुकली की काढायची आणि परत लावायची. यावर दहा मिनिटांचा व्हिडिओ आहे ना, असं नवीन शिक्षक म्हणतात. आहे, आणि तो पाहून मुलांना सगळं समजल्यासारखं वाटतं, तेच तर धोक्याचं आहे.

मोहिमेसोबत गेलेल्या शोशोनी बाईला, सकागवियाला, "वाटाड्या" म्हणू नका, ती मुख्यतः दुभाषी होती, आणि तिची खरी कामगिरी म्हणजे शोशोनींकडून घोडे मिळवताना बोलणी तिच्यामुळे झाली, तिथला प्रमुख तिचाच भाऊ निघाला. यॉर्कचं नाव घ्या, तो क्लार्कचा गुलाम होता आणि जाऊन-येऊन पूर्ण प्रवास त्याने केला.

आजचं लुईझियाना राज्य आणि तेव्हाची मोठी लुईझियाना टेरिटरी एक नाही, पहिल्याच दिवशी सांगा.

ऑरेगन या खरेदीत नव्हतं. मोहीम खरेदीच्या हद्दीबाहेर जाऊन समुद्राला पोचली.

जेफरसनचा रिपब्लिकन पक्ष म्हणजे आजचा रिपब्लिकन पक्ष नाही, आणि हे घरून वेगळं ऐकून आलेलं एक तरी मूल असतंच.

मराठी घरातल्या मुलांना १८०३ लक्षात राहत नसेल तर त्यांना असईची लढाई सांगा, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. माझ्या पुतण्याला साल असंच पक्कं झालं.

घटनेचा प्रश्न मात्र एका ओळीत उरकू नका. १७९१ मध्ये नॅशनल बँकेला जेफरसनचा विरोध होता, कारण घटनेत तसा अधिकार लिहिलेला नाही. मग परका मुलूख विकत घ्यायचा अधिकार कुठे लिहिलाय? हे त्यालाही टोचत होतं, घटनादुरुस्तीचे मसुदेही त्याने केले, पण पॅरिसहून कळलं की नेपोलियनचं मन बदलू शकतं, तेव्हा ते बाजूला ठेवून करार सिनेटकडे गेला आणि २० ऑक्टोबर १८०३ ला २४ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला. मी मुलांच्या हातात घटनेचा मूळ मजकूर देते आणि म्हणते, शोधा कुठे लिहिलंय ते. पंधरा मिनिटं शोधतात, तहाचा अधिकार सापडतो, मग भांडतात की तेवढा पुरतो का. नवीन शिक्षकांना या शांततेची आणि गोंधळाची भीती वाटते, लगेच उत्तर सांगून टाकतात. सांगू नका, बसू द्या त्यांना.

आणि शेवटच्या दिवशी कपाटातला नकाशा काढाल तेव्हा त्याच्या कडा पेन्सिलने काढायला सांगा, कारण १८०३ मध्ये त्या हद्दी कुणालाच नक्की माहीत नव्हत्या, उत्तरेची रेघ इंग्लंडशी १८१८ मध्ये ठरली आणि नैर्ऋत्येची स्पेनशी १८१९ च्या तहात.