जॉब गार झाल्याशिवाय मायक्रोमीटर लावू नका

कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीत मी लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनवर, शिकलो. आता इन्स्पेक्शनला आहे. नवीन मुलं 50 मिलिमीटरचा शाफ्ट (गोल दांडा) टर्न करतात, मशीनवरच मायक्रोमीटरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनाने, माप घेतात, 49.99 आलं की खूश होतात. तासाभराने तोच शाफ्ट माझ्या टेबलावर कमी भरतो. "साहेब, नीट मोजला होता." मोजलेला असतोच. जॉब, म्हणजे कापलेला तुकडा, गरम होता, एवढंच.

हिशेब करून बघा. एक अंश तापमान वाढलं की स्टील मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. जॉब 60 अंशांवर आणि शॉप 30 वर असेल, तर 50 मिलिमीटरच्या व्यासात 17 मायक्रॉनची वाढ. ड्रॉइंगवर 50 एच6 (लहान h, शाफ्टच्या मापात किती सूट ते सांगणारी खूण) असेल तर सूट सगळी मिळून 16 मायक्रॉन, म्हणजे 49.984 ते 50.000. गरम असताना 49.99 दाखवणारा शाफ्ट गार झाल्यावर 49.973 होतो. माझे असे बारा शाफ्ट एकाच पाळीत भंगारात गेले होते. माप जास्त असतं तर आणखी एक कट घेता आला असता.

म्हणून रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) झालं की अर्धा मिलिमीटर ठेवून थांबा. हाताला जॉब आणि लेथचा बेड सारखेच लागले की मग फिनिश कट घ्या. त्यानंतरही पुन्हा गार होऊ द्या.

मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं स्वच्छ कागदाने पुसून घ्या, बारीक कण निघून येतात. 25–50 च्या मायक्रोमीटरचा झिरो 25 च्या सेटिंग रॉडवर (अचूक 25 मिलिमीटरच्या दांड्यावर) तपासा. फ्रेम प्लास्टिकच्या पट्टीवरच धरा, हाताची ऊबही मापात उतरते. थिंबल (फिरणारा दांडा-भाग, ज्यावर घरं असतात) पिळू नका. टोकाचा रॅचेट तीनदा कट्-कट् वाजला की बस.

आता वाचन, इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. स्लीव्हवर (थिंबलच्या आतल्या स्थिर नळीवर) 49.5 ची रेघ, थिंबलवर 49 वं घर: 49.99. पण तेव्हा 50 ची रेघही थिंबलच्या कडेला डोकावत असते. ती धरलीत तर 50.49 वाचाल. थिंबलचा शून्य ओलांडल्याशिवाय ती रेघ मोजायची नाही.

साधा मायक्रोमीटर 0.01 पर्यंतच वाचतो. एच6 चं शेवटचं माप 0.001 वाल्यानेच घ्या.